बेचाळिसावं पान

आमच्या छापखान्यात सकाळी नऊ वाजता मी टेबलाच्या या बाजूला बसते आणि खोकलेबुवा त्या बाजूला. माझ्यासमोर ब्रेलचं कच्चं पान, त्यांच्यासमोर छापील पुस्तक. मी बोटांनी वाचून मोठ्याने म्हणायचं, त्यांनी डोळ्यांनी ताडून पाहायचं. नुसते शब्द म्हणून भागत नाही, चिन्हंसुद्धा म्हणावी लागतात. 'तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण चालू चला आता उद्गारचिन्ह अवतरण बंद.' बावीस वर्षं हे करून जिभेला अशी खोड लागली आहे की घरात भांडण मिटवायचं असलं तरी मी 'पूर्णविराम' म्हणते, आणि नवरा खरंच गप्प बसतो.

खोकलेबुवांचं खरं नाव पगारपत्रकावर आहे, तिथेच ते सुखात असावं. मी म्हटलेलं आणि त्यांच्या पुस्तकातलं जुळलं नाही की ते 'चूक' असं कधी म्हणत नाहीत. एकदाच, हलकासा खोकतात. मग मी बोट मागे नेते. ठिपका खरंच चुकीचा उमटला असेल तर खूण करते. पुढे कारागीर जस्ताच्या पत्र्यावर तो हातोडीने ठोकून बसवतो. ठिपका बरोबर असेल आणि मीच चुकलेली असेन, तर गुपचूप पुन्हा वाचते. मी एकदा त्यांना विचारलं होतं, सरळ सांगायला काय होतं? म्हणाले, "चूक म्हटलं की माणूस दुखावतो, बाई. खोकला काय, कोणालाही येतो."

मला त्या खोकल्याचा भयंकर राग होता. माझी स्वतःची चूक वर्षातून एखादी निघायची, पण तेवढ्या एका खोकल्याने माझं दुपारचं जेवण कडू व्हायचं. मी जन्मापासून आंधळी आहे. 'दृष्टिहीन' म्हणायचं तर म्हणा, पण शब्द लांबवला म्हणून दिसायला लागत नाही. मला जगातलं जे काही कळलं ते दोन तर्जन्यांमधून. डावी पुढची ओळ शोधून धरून ठेवते, उजवी वाचते. या दोन बोटांचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी मला आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया नीट पार पडली. नंतर केमोचे बारा डोस, दर दोन आठवड्यांनी एक. सगळे म्हणाले, केस जातील. आरशाशी माझं काही देणंघेणं नाही, तेव्हा मी म्हटलं, जाऊ देत. केस गेले नाहीत, थोडे विरळ झाले. गेलं ते भलतंच.

आधी थंडीपासून सुरुवात झाली. डोसानंतर चार-पाच दिवस थंड काही धरलं की बोटांना विजेचा झटका बसायचा. नळाचं पाणी, चमचा, खिडकीचा गज. छापखान्याच्या दाराची पितळी मूठ धरली की मी शिवी घालायचे, आणि माझ्या शिव्यांत चिन्हं नसतात. तिसऱ्या डोसानंतर एका सकाळी त्या मुठीला कोणीतरी जाड कापड गुंडाळून ठेवलेलं हाताला लागलं. कार्यालयाने केलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढे मुंग्या आल्या. त्या आधी आठवडाभर राहून जायच्या, मग जाईनाशा झाल्या. सहाव्या डोसानंतर मी कामावर पान पुढे ओढलं आणि बोटं ठेवली. ठिपके होते, पण जाड पांघरुणाखाली वाळू पसरावी तसे. कुठला वरचा, कुठला खालचा, दोन की तीन, काही वेगळं निघेना. त्या दिवशी मी पोटदुखीचं निमित्त काढून घरी आले, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले.

डॉक्टरीणबाई प्रत्येक डोसाआधी विचारायच्या. "हातापायांना मुंग्या येतात का, ताई?"

"थोड्या. जातात."

"शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात." हे खोटं नव्हतं. पाच मिनिटं लागायची, पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"सुई ओवता येते?"

"तुम्हाला येते का?" मी म्हणायचे. त्या हसायच्या आणि पुढचं विचारायचं राहून जायचं.

मग त्या एक धातूचा काटा टेबलाच्या कडेवर ठोकून माझ्या बोटाच्या पेरावर टेकवायच्या. थरथर जाणवते का, आणि कधी थांबते, ते मी सांगायचं. आता हे माझ्यासारखीला विचारणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण सांगणं. तो काटा गुणगुणतो. बारीक, पण माझ्या कानांना पुरेसा. गुणगुण चालू असेपर्यंत मी 'जाणवतंय' म्हणायचे, थांबली की 'थांबलं'. बाई खूश, मीही खूश. बोटांना काही पत्ता नसायचा.

कशासाठी लपवलं, ते सांगते. सलाइन लावतात त्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तक्रार करू नका. तक्रार केली की औषध कमी करतात, आणि औषध कमी केलं की रोग परत येतो." त्या कोण, त्यांना हे कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. भीतीला पुरावा लागत नाही. मला जगायचं होतं. आणि वाचायचंही होतं. दोन्ही एकदम मिळणार नाही असं दिसायला लागल्यावर मी दोन्हीकडे खोटं बोलायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंना म्हणायचं बोटं ठीक आहेत, म्हणजे औषध चालू राहील. छापखान्यात दाखवायचं बोटं ठीक आहेत, म्हणजे खुर्ची राहील.

छापखान्यातलं खोटं जास्त कष्टाचं होतं. तेव्हा मुलांसाठीचं एक पुस्तक चालू होतं, एका बोटीवरचा आचारी आणि त्याची मांजर. मी नवऱ्याला दुकानातून त्याची छापील प्रत आणायला लावली आणि संध्याकाळी ते मला वाचून दाखवायला बसवलं. नवरा शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त झाला आहे. वाचतोही बस चालवल्यासारखंच. स्वल्पविरामाला हळू करतो, पूर्णविरामाला पूर्ण थांबतो, कोणी चढायचं राहिलं नाही ना ते पाहतो, आणि मग पुढे निघतो. मला हवं होतं ते हेच.

"पुन्हा वाचा," मी म्हणायचे.

"तिसऱ्यांदा?"

"आवडलं मला."

"बावीस वर्षं पुस्तकं वाचून वाचून तुला आवडली ती मांजर," तो म्हणाला, पण वाचलं. मी ऐकायचे आणि पाठ करायचे. शाळेत कविता पाठ करायला मला आठवडा लागायचा. भीतीने एका संध्याकाळी चार-पाच पानं चिन्हांसकट बसवता यायला लागली. ब्रेलच्या एका पानावर छापील पानाहून कमी मजकूर मावतो, तेव्हा कुठे पान संपतं याचा अंदाज मी शब्द मोजून बांधायचे. सकाळी टेबलावर बसायचं, पानावर बोटं फिरवायची आणि घडाघडा म्हणायचं. एखाद्या जागी मुद्दाम अडखळायचं, म्हणजे खरं वाटेल. अशी मी त्रेसष्ट पानं 'वाचली', काही या पुस्तकाची आणि काही आधीच्या एका पुस्तकाच्या शेवटाची. त्रेसष्ट पानांखाली 'तपासलं' म्हणून माझा शिक्का आहे.

त्या पानांवर चुका असतील तर त्या कोणाच्या बोटांखाली जाणार, हे मला कळत होतं. लहानपणी एका पुस्तकात एक शब्द मला कधीच लागला नव्हता. मी वर्षभर त्या शब्दावर बोट घासत होते आणि स्वतःला मठ्ठ समजत होते. पुढे कळलं की ठिपकाच चुकीचा होता. त्या रागातूनच मी या कामाला आले होते. आणि आता मीच न वाचता शिक्का मारत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; माझ्या मुठीत काय होतं ते माझं मला माहीत होतं.

आठव्या डोसानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने मला, माझ्या मोजणीने ब्रेलचं एकेचाळिसावं पान संपेल तिथपर्यंत, वाचून दाखवलं होतं. वादळ येतं, मांजर होडीत उडी मारते, आणि मग आठ दिवस ती कोणालाच दिसत नाही. इथे त्याला जांभई आली आणि मी म्हटलं, पुरे.

सकाळी खोकलेबुवांनी पान माझ्यापुढे सरकवलं. मी बोटं ठेवली, श्वास घेतला आणि सुरू केलं. 'वारा वाढला पूर्णविराम आचाऱ्याने भांडी दोरीने बांधली स्वल्पविराम...' सुरेख चाललं होतं. वादळ आलं, होडी हलली, मांजर उडाली. मी शेवटी जरा आवाजसुद्धा खाली आणला. 'आठ दिवस ती कोणालाच दिसली नाही पूर्णविराम.'

खोकला आला नाही. एकदाही नाही. मी वाट पाहिली. समोरून पुस्तकाचं पान उलटल्याचाही आवाज आला नाही.

"बरोबर?" मी विचारलं.

"हं," खोकलेबुवा म्हणाले. मग खुर्ची सरकली. "चहा आणतो, बाई."

चहा आणायला ते कधी जात नाहीत. पण चोराच्या मनात चांदणं असलं तरी चोराला वाटतं ते आपल्यालाच दिसतंय. मी शिक्क्याला शाई लावली, तो पानावर मारला आणि चहा प्यायले. चहा त्यांनी जरा निवू देऊन आणला होता, म्हणजे कप धरताना हाताला फार गरमही लागू नये. तेवढं माझ्या लक्षात आलं होतं. मग पुढची पानं अजून निघायची आहेत असं म्हणून त्यांनी मला नवव्या डोसापर्यंत घरीच राहायला सांगितलं.

नवव्या डोसाला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या खोलीत काहीतरी वेगळं होतं. त्यांनी सुईचं विचारलं नाही, बटणांचं विचारलं नाही. उठल्या, हात धुवायच्या नळाकडे गेल्या आणि नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो पडायला लागलं. मग माझा हात हातात घेऊन बोटावर काटा टेकवला.

"जाणवतंय, ताई?"

मी कान टवकारले. नुसतं पाणी.

"हो," मी म्हणाले.

"आता?"

"हो."

"अजून?"

"आता थांबलं," मी अंदाजाने म्हणाले.

त्यांनी नळ बंद केला. "मी तो ठोकलाच नव्हता," त्या म्हणाल्या. रागावून नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी सांगितलं. चार दिवसांपूर्वी माझ्या कामावरचे एक गृहस्थ येऊन दीड तास बाहेर बाकावर बसून होते. त्यांनी माझ्याबद्दल काहीही विचारलं नाही. एक पान तेवढं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, डोळे मिटून यावर बोट फिरवा.

"मी फिरवलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला नुसतं खरखरीत लागलं. ते म्हणाले, 'बाईंनाही आता एवढंच लागतं.'"

मी माझा हात मागे घेतला.

"गठ्ठा उलटसुलट लागला होता, म्हणून त्यांनी तुमच्यापुढे चुकून बेचाळिसावं पान ठेवलं होतं; कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा त्यांना उशिरा दिसला. तुम्ही एकेचाळिसावं वाचलंत. शेवटपर्यंत." त्या थांबल्या. "तुमच्या फॉर्मवर 'नोकरी, छापखाना' एवढंच आहे. मला वाटलं, फोन घेत असाल. आठ वेळा मी तुम्हाला बटणांचं विचारलं. तुम्ही वाचता कशाने, हे एकदाही विचारलं नाही. ही माझी चूक."

माझ्या आयुष्यात कोणी मोठ्या माणसाने स्वतःहून 'माझी चूक' म्हटल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त ऐकू आलं ते पुढचं. डोसात दोन औषधं असतात, त्यातलं एक नसांना धरतं. राहिलेले चार डोस त्या एका औषधाशिवाय द्यायचे.

"म्हणजे रोग परत येणार."

"कोण म्हणालं?"

"शेजारच्या खुर्चीतल्या बाई."

"ताई," त्या म्हणाल्या, "पुष्कळांना आम्ही ते मध्येच थांबवतो. त्याचं बरंचसं काम आठ डोसांत झालेलं असतं. चार आणखी दिले तर फायदा थोडा आणि बोटं कदाचित कायमची जातील. एक मात्र आधीच सांगते. औषध थांबवलं तरी मुंग्या लगेच थांबणार नाहीत. काही महिने वाढतीलसुद्धा. मग बहुतेकांना हळूहळू उतार पडतो. पूर्ण पडेल असं वचन मी देणार नाही."

घरी येऊन मी खोकलेबुवांना फोन लावला.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं प्रश्नचिन्ह," मी म्हणाले. "माझा जीव, माझी बोटं, माझी डॉक्टर पूर्णविराम. मी मेले तर तुम्ही येणार आहात का उत्तर द्यायला प्रश्नचिन्ह."

पलीकडून एक खोकला आला. मी चुकते आहे असं त्यांना म्हणायचं होतं की नुसता घसा होता, कोण जाणे. मी फोन ठेवला.

नवऱ्याला सगळं सांगावं लागलं, त्या संध्याकाळच्या वाचनासकट. तो रागावला नाही. खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तुला मांजर आवडली नव्हती."

"नाही."

"जिवावरचं बोटांवर निभावत असेल तर निभावू दे."

"बोटं तुमची नाहीत म्हणून म्हणताय. तुमचे डोळे काढून घेतले आणि म्हटलं, जीव तरी वाचला, तर चालेल?"

"नाही चालणार," तो म्हणाला. "पण तू चिडून का होईना समोर बसशील, तर मला चालेल." त्यानंतर आम्ही दोघंही रडलो. त्यात पूर्णविराम कोणी म्हटला नाही.

पुढचे महिने वाईट गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. औषध बंद होऊनही मुंग्या वाढल्या. बोटांची टोकं सुजल्यासारखी, दुसऱ्याच कोणाची तरी. पायांखाली जमीन आहे की गादी, कळेना. मी घरातल्या घरात काठी घेऊन चालायला लागले. मनात आलं, बघा, औषधही गेलं आणि बोटंही गेली. खोकलेबुवांच्या नावाने बोटं मोडायची म्हटलं तर तीही धड मोडत नव्हती. मी कामावरून रजा घेतली होती. ते दर शनिवारी फोन करायचे, नवरा घ्यायचा, मी नाही.

एका दुपारी मला राहवेना. मी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, पान तोंडाजवळ नेलं आणि खालचा ओठ ओळीवरून फिरवून पाहिला. ऐकून होते, काही लोक असं वाचतात. लागलं! अक्षरं लागली. एक एक, अडखळत, नाकाला कागद घासत, पण लागली. नवरा दारात उभा होता हे मला कळलं नव्हतं.

"इतकी वर्षं पुस्तकांवर नुसतं प्रेम होतं," तो म्हणाला. "आता मुकेच घ्यायला लागलीस."

मी पुस्तक त्याच्या दिशेने फेकलं. नेम चुकला. त्या दिवशी किती दिवसांनी हसले, ते मोजलं नाही. मानेला रग लागायची आणि एक पान व्हायला तासाच्या वर वेळ जायचा, पण ते एक पान माझं असायचं.

डोस संपून सहा महिने झाले तेव्हा तपासणी झाली. स्वच्छ निघाली. डॉक्टरीणबाईंनी मला दोन वेळा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी 'हं' एवढंच म्हणाले होते. आणि त्याच आठवड्यात मी जेवणाचं टेबल पुसत असताना काहीतरी बोटाला टोचलं. मी फडकं ठेवलं आणि नुसतं बोट फिरवलं. एक दाणा. मी त्याला ढकललं, तो सरकला. पुन्हा शोधला, सापडला.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"साखरेचा दाणा आहे."

मी चाखून पाहिलं. मीठ होतं. पण दाणा होता, आणि तो माझ्या उजव्या तर्जनीला सापडला होता. मी खुर्चीत बसले आणि ते बोट ओठांना लावून बराच वेळ तशीच राहिले. मनातल्या मनात आभार मानत होते. त्या नळाचे, नवऱ्याच्या जांभईचे, एका उलटसुलट लागलेल्या गठ्ठ्याचे. तो गठ्ठा सरळ लागला असता तर मी बेचाळिसाव्या पानाची तयारी करून दुसऱ्या दिवशीही पास झाले असते, आणि नववा, दहावा, बारावा डोस हसत घेतला असता. तेव्हा कुठे मला लख्ख कळलं की त्या माणसाने मला काय दिलं आहे, आणि मी त्याला काय म्हणाले होते.

सोमवारी सकाळी नऊला मी छापखान्यात गेले. दाराच्या मुठीला अजून कापड होतं, धुतलेलं. टेबलाच्या त्या बाजूला खुर्ची करकरली.

"बाई," खोकलेबुवा म्हणाले.

मी रस्त्याने भाषण तयार केलं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं ते असं, "मुठीला कापड तुम्ही बांधलंत?"

"थंड असते ना."

"त्या त्रेसष्ट पानांचं सांगायला आलेय. ती न वाचता सोडली आहेत. मी आत कार्यालयात जाऊन सांगते. पत्रे परत काढावे लागतील."

"झालं ते," ते म्हणाले.

"काय झालं?"

"तपासून झालं. तुम्ही रजेवर गेलात त्या आठवड्यात छपाई थांबवायला सांगितली मी. म्हटलं, मी छापील प्रतीत घोळ केलाय."

"कोणी तपासलं?"

ते खोकले.

हळूहळू निघालं ते असं. हा माणूस बावीस वर्षं माझ्यासमोर बसून ब्रेलचं एक अक्षर शिकला नव्हता, गरजच नव्हती. मी रजेवर गेल्यावर तो शिकला. डोळ्यांनी. पान खिडकीशी तिरकं धरायचं, म्हणजे उन्हात ठिपक्यांच्या सावल्या पडतात, त्या वाचायच्या. जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं.

"डोळ्यांनी ब्रेल वाचायचं म्हणजे कानांनी जेवण्यातला प्रकार," मी म्हणाले, कारण दुसरं काही बोलले असते तर आवाज फुटला असता.

"डोकं दुखतं," त्यांनी कबूल केलं. "अकरा चुका निघाल्या."

"अकराच?"

"तुम्ही असतात तर तेरा काढल्या असत्या."

मी टेबलावर हात पुढे केला, त्यांनी तो धरला. त्यांची बोटं खरखरीत होती. ते मला लागलं. मी म्हणाले, "तुम्ही माझा जीवही ठेवलात आणि बोटंही. मी फोनवर जे बोलले त्याची मला लाज वाटते." त्यांनी हात सोडवून घेतला आणि नाक शिंकरलं. त्यांना असलं काही सोसत नाही.

मग त्यांनी खण उघडला आणि एक पान माझ्यापुढे सरकवलं. त्याचा एक कोपरा दुमडलेला होता.

"हे एक राहिलंय," ते म्हणाले. "हे तपासलं नाही मी. तुमचं आहे."

बेचाळिसावं पान. नवऱ्याला मी तिथून पुढचं वाचू दिलं नव्हतं. मांजर आठ दिवस दिसली नव्हती, ती माझ्यासाठी आठ महिने हरवलेलीच होती. मी डाव्या तर्जनीने ओळ धरली, उजवी ठेवली. ठिपके पूर्वीसारखे टोकदार नव्हते. पांघरूण होतं, पण आता पातळ झालेलं.

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीला किती वेळ लागला ते सांगत नाही. मध्ये दोनदा म्हणाले, "हे लागत नाही," आणि ते थांबले. कामावर कधी 'लागत नाही' म्हणायची वेळ मी येऊ दिली नव्हती. म्हटलं आणि छत काही कोसळलं नाही.

'नवव्या दिवशी आचाऱ्याने पिठाचं पिंप उघडलं पूर्णविराम आत मांजर होती पूर्णविराम तिच्या कुशीत पिल्लं होती अपूर्णविराम एक काळं स्वल्पविराम एक पांढरं स्वल्पविराम एक दोन्ही रंगांचं स्वल्पविराम आचारी मटकन खाली बसला पूर्णविराम.'

खोकला आला.

बावीस वर्षं ज्या आवाजाने माझं जेवण कडू केलं, तो ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांना माझ्या तेवढं एकच काम येतं. मी बोट मागे नेलं. डाव्या बोटाने ओळ चुकीची धरली होती, मधली एक आख्खी ओळ निसटली होती. मी ती शोधली, सुरुवातीपासून, ठिपका ठिपका.

'आणि एक स्वल्पविराम,' मी वाचलं, 'इतकं पिठात माखलेलं की ते आहे हे आधी कोणालाच कळलं नाही पूर्णविराम.'

मी थांबले. खोकला आला नाही. मी पुढची ओळ धरली.